सुपडा, तुझ्या नावाची घागर

सुपडा,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तू माझ्या गळ्यात जे काम अडकवून गेलास, त्याचा काल निकाल लागला. कसा लागला ते सांगते, पण आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू असताना आपलं एकही भांडण पुरं झालं नाही. ऐन रंगात आलं की तू घड्याळ बघायचास, गाडीची चावी उचलायचास आणि "ताई, पेशंट वाट पाहून राह्यले" म्हणून चालू पडायचास. आता कुठं जाशील? बस आणि ऐक.

तुला जाऊन महिना होत आला. या महिन्यात इतकी माणसं येऊन गेली की मायच्या ओसरीवरची सतरंजी गुंडाळायला सवड मिळाली नाही. तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही असं म्हणणारेही आले, मांडी घालून बसले, चहा प्यायले. सगळे एकच बोलले, "देवमानूस होता." कोणत्या देवाचा, ते मात्र एकानंही म्हटलं नाही. ज्याचं नाव तू इतकी वर्षं उघड घेत फिरलास, ते त्या सतरंजीवर कोणाच्या तोंडून निघालं नाही. तुझ्या चर्चच्या मंडळीतले लोक आले, त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, तसे काही जण तंबाखू मळत बाहेर गेले. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीसुद्धा चहाचं बघायला आत गेले होते.

तुझ्या नावापासून सुरू करते. माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोघंही पाळण्यातच गेले. म्हणून तू झालास तेव्हा मायनं तुला सुपात घातलं, उकिरड्यापर्यंत नेलं, टाकल्यासारखं करून परत आणलं आणि नाव ठेवलं सुपडा. टाकून दिलेल्या पोरावर मरणाची नजर जात नाही, असा आपल्याकडचा समज. मी तेव्हा लहान होते, पण सूप घेऊन परत येणारी माय मला आठवते. तिनं तुला इतकं घट्ट धरलं होतं की सुपाची काडी तुझ्या गालावर उमटली होती.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी तुला विचारलं होतं म्हणे, नवं नाव घ्यायचं आहे का. तू म्हणालास, "हे नाव माह्या मायनं मरनाशी भांडून ठेवेल हाये. ते राहू द्या." हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तुझ्या मातीच्या दिवशी पाळकांनी सांगितलं. माय तिथं नव्हती, तिला शहरापर्यंतचा प्रवास झेपला नसता. मी परत आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "खड्डा खोल होता का वं? कुत्रे त उकरनार नाही?" मी म्हटलं, खोल होता. नावाचं मात्र मी तेव्हा तिला सांगितलं नाही. मला वाटलं, आता ते सांगून काय उपयोग.

तू येशूचा झालास ही बातमी मला तुझ्याकडून कळलीच नाही, तुझ्या गाडीकडून कळली. मी वडनेरहून माहेरी यायला निघाले होते आणि तू फाट्यावर काळी-पिवळी टॅक्सी घेऊन उभा होतास. मागच्या काचेवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं : "मी येशूचा, गाडी सगळ्यांची." माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका शेजारीच उभ्या होत्या. मी गाडीत बसले, दार ओढून घेतलं आणि तुझ्यावर सुटले.

"अरे, विश्वास मनात ठेव ना. काचेवर कायले?"

तू गिअर टाकत म्हणालास, "तू कुंकू कपायावर कायले लावतं? तेबी मनातच लाव."

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आणखी चिडले. मास्तरीणबाईंना उत्तर सुचलं नाही की त्या चिडतात, हे माझ्या वर्गातल्या पोरांनाही पाठ आहे.

त्या काचेनं तुझं ठरत आलेलं लग्न खाल्लं. मुलीचा बाप भला माणूस होता. ओसरीवर बसून म्हणाला, "काच पुसा, मी उद्याच मुहूर्त काढतो. घरात काय करायचं ते करा बापा, कोन पाहाले येते?" माय तुझ्याकडे बघत होती. मीही बघत होते. तू म्हणालास, "काच पुसली त मी खोटा ठरलो. खोट्या मानसाले तुमी पोरगी कायले देता?" तो बाप उठून गेला, आणि तुला द्यायला त्याच्याकडे मुलगी उरली नाही. मग दुसरं कोणी आलंच नाही. तू आणि माय, दोघंच राहिलात त्या घरात. माय देव्हाऱ्यापुढं, तू खिडकीपाशी काळ्या कव्हरचं पुस्तक उघडून. मध्ये स्वयंपाकाचा ओटा. एकमेकांच्या आड कधी आला नाहीत, हे मी कबूल करते.

माझं खरं दुखणं भाऊबीजेचं होतं. पाटावर येऊन बसलास आणि म्हणालास, "ताई, दिवा ओवाळ. दिव्याले माही ना नाही. टिळा नको लावू." मी ताट खाली ठेवलं आणि ओवाळलंच नाही. तू निमूट उठलास, पोटभर जेवलास, साडी ठेवलीस आणि गेलास. पुढच्या वर्षी पुन्हा आलास. लाज नाही, असं मी तुझ्या तोंडावर म्हटलं. "नाही," म्हणालास, आणि पाटावर बसलास. त्या वर्षी मी दिवा ओवाळला आणि कुंकवात न बुडवता कोरडं बोट तुझ्या कपाळावर टेकवलं. तू डोळे मिटलेस. मग दर वर्षी तेच चाललं. कोरडं बोट आणि तुझे मिटलेले डोळे. माझ्या जावा हसायच्या. तुला नेण्याआधी शेवटचं मी तेच केलं. कपाळ गार होतं. बोट कोरडं होतं. तेवढंच आपल्या दोघांचं जुळलं होतं, ते मी मोडलं नाही.

प्रल्हादचं सांगते, कारण कालच्या गोष्टीत तो आहे. आपला चुलतभाऊ, स्टँडवर गाड्यांचे नंबर लावणारा. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन रांगेत लागतात, लिंबू-मिरची बांधतात, नारळ फुटतात. तू गाडी धुतलीस, हार घातलास आणि नारळ मात्र फोडला नाहीस. हात मागं बांधून उभा राहिलास. प्रल्हादनं आधी समजावलं, मग दम दिला. "तुह्या एकट्यामुळं साऱ्या गाड्याईले अपशकून हाये." दुसऱ्या दिवशी त्यानं तुझा नंबर रांगेतून काढला. नंबर नाही म्हणजे सवारी नाही. त्याच हप्त्यात कोणीतरी मागची काच फोडली. तू नवी बसवलीस आणि त्याच पेंटरकडून तेच लिहून घेतलंस. कोणी फोडली ते तुला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तू ठाण्यात गेला नाहीस.

सवारी नाही तेव्हा तू मशीनवाल्यांना न्यायला लागलास. आपला सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. बोअरचं पाणी पिऊन पिऊन माणसांची मूत्रपिंडं जातात, आणि मग आठवड्यातून दोनदा शहरात जाऊन डायलिसिसच्या मशीनला टांगून घ्यायचं. त्यांना नेणारं कोणी नव्हतं. उलटी करतात, चक्कर येऊन पडतात, परत येताना सीटवर आडवे होतात. तू त्यांना न्यायला लागलास. गाडी सुरू करण्याआधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मोठ्यानं प्रार्थना करायचास, प्रत्येकाचं नाव घेऊन. लोकांनी बोंब उठवली, आजारी माणसं बाटवतो म्हणून. तुला बोलावून विचारलं तेव्हा तू सरळ म्हणालास, "प्रार्थना करतो, मोठ्यानं करतो. कोनाले देव सोडा म्हनत नाही. ज्याले नाही आवडत त्यानं कान झाकावं." त्यातलेच किसनबाबा म्हणे खरोखर कान झाकून बसायचे. बोटांच्या फटीतून म्हणायचे, "आटप बे लवकर, तिकडे मशीन खाली होऊन राह्यली."

आणि मग प्रल्हादचा बाप, आपला काका, मशीनवर गेला. तू प्रल्हादच्या दारात गाडी उभी केलीस आणि हॉर्न दिलास.  काका जिवंत होता तोवर तू त्याला नेलं आणि आणलं. मी विचारलं, "याच्याच पोरानं काच फोडली ना?" तू म्हणालास, "काकाची किडनी त त्यानं नाही फोडली." हसलास आणि निघून गेलास. मला तुझा तेव्हाही राग आला होता. मला तुझं चांगुलपण सोसत नव्हतं, कारण त्याचा हिशोब नेहमी मायच्या घरात चुकता व्हायचा.

मग तुझी पाळी आली. ज्या गाडीनं तू इतक्यांना नेलंस, तिच्याच मागच्या सीटवर तू बसायला लागलास आणि मंडळीतला एक जण गाडी चालवू लागला. माय म्हणाली, देव कोपला. तू म्हणालास, "माय, किसनबाबाचा कोनता देव कोपला? मानूस देवाचा हाये, पन पानी त इथलंच हाये." ती रडली. तुझं बोलणं तिला कधीच पटलं नाही, पण तू बोलत असताना ती तुझ्या तोंडाकडे बघत बसायची.

आता भांडणाकडे येते.

मशीनवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. शरीर पाणी बाहेर टाकत नाही, ते छातीत साठतं. हे डॉक्टरांनी मायला सांगितलं होतं. पण मायला आपल्या पट्ट्यातल्या कोणाही बाईला कळेल तेच कळलं, की ज्या पाण्यानं पोराची मूत्रपिंडं गेली त्या पाण्याला डॉक्टर नाही म्हणतात. खारं पाणी मोजून द्यायचं. कॅनमधलं विकतचं गोडं पाणी तर औषधासारखं, त्याला कसलं आलंय माप? ती तुला खाऱ्या पाण्याचं फुलपात्र मोजून द्यायची आणि गोड्या पाण्याचा तांब्या उशाशी भरून ठेवायची. तू एकदा म्हणालास, माय, हेबी पानीच हाये. ती म्हणाली, "चूप. हे गोडं हाये, हे धुऊन काढते." तू प्यायलास. तहान तर होतीच. पाय सुजले, श्वास लागला, तुला उचलून न्यावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इतकं पाणी कोणी दिलं?" मी तिथं होते. माय पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली होती. तू ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला केलास आणि म्हणालास, "मायनं देल्लं. पन तिले समजलं नव्हतं, अन् मीबी पेलो. दोघाचं हाये." डॉक्टरांना तुझ्या बोलण्याचा पहिला तुकडाच ऐकू आला. साऱ्या वॉर्डापुढं ते मायवर ओरडले, "आजी, तुम्ही पोराला मारून राहिल्या!" 

तू खोटं का बोलला नाहीस, सुपडा? चोरून प्यायलो म्हणाला असतास, मित्रानं दिलं म्हणाला असतास. तुझ्या प्रभूनं तुला एवढ्याशा खोट्यासाठी पकडलं असतं का? मी तुला गाडीत हेच विचारलं. तू म्हणालास, "ताई, मी खोटं बोललो असतो त तिनं उद्याबी तांब्या भरला असता." मी म्हटलं, घरी समजावलं असतं. तू म्हणालास, "समजावलं होतं."  तुला उलटी झाली आणि भांडण तिथंच राहिलं.

तू खरं बोललास आणि तुझं म्हणणं बरोबरही होतं. पण त्या दिवसापासून मायनं पाण्याच्या बाबतीत मन दगडाचं करून घेतलं. फुलपात्र कमरेला बांधायचीच काय ती बाकी ठेवली. तू मागायचास, ती म्हणायची, सकाळी दिलं.  ती आत जाऊन डोकं भिंतीवर आपटायची, पण देत नव्हती. आणि शेवटी डॉक्टरांनी तुला घरी नेऊन ठेवा म्हटलं, आता मागेल ते द्या म्हटलं, तेव्हाही ती देईना.

मी वडनेरहून पोचले तेव्हा दुपार टळत होती. तू "माय, पानी" म्हणत होतास आणि ती कापसाचा बोळा ओला करून तुझ्या ओठांवरून फिरवत होती. मी म्हटलं, "माय, दे आता. डॉक्टरनं दे म्हटलं." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याच डॉक्टरनं मले चारचौघात म्हटलं, पोराले मारून राह्यली. आता तोच म्हनते दे? मी नाही देत. मी माह्या हातानं नाही मारत." मी फुलपात्र भरलं आणि तुझ्या ओठांना लावलं. पाणी ओठाच्या कडेनं गळ्यावर उतरलं, उशीवर गेलं. तू गिळलं नाहीस. तुझं गिळणं संपलं होतं.

तुझ्यावरचा हा राग माझ्या मनात अजून आहे. दवाखान्यात तू खोटं बोलला असतास, तर मायनं तुला शेवटचं पाणी दिलं असतं.

आणि तरी काल मी काय केलं ते ऐक.

जाण्याच्या आठेक दिवस आधी तू ओसरीवर उशीला टेकून बसला होतास. म्हणालास, "ताई, आखाजी येऊन राह्यली." मी म्हटलं, गप. आपल्याकडे आखाजीला पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा आणि आमरसाचा घास एकेकाचं नाव घेऊन निखाऱ्यावर टाकतात. पितरांना वर्षभर पुरेल एवढं पाणी त्या दिवशी पोचतं, असं म्हणतात. नुकत्याच गेलेल्याची घागर वेगळी असते. हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू विषय काढलास.

"माह्या नावाची घागर भरू नका."

"मायला सांग."

"तिले सांगतलं. तिनं ऐकलं नाही. तू सांगजो. अन् घरात नाही, चारचौघात सांगजो. घरात सांगशीन त ती रडून जिकीन." मग थांबून, दम घेऊन म्हणालास, "जित्तेपनी काचेवर लिहून फिरलो. मेल्यावर मले गुपचूप पुसू नका."

मी म्हटलं, "बघू."

तुला दिलेला माझा तेवढाच शब्द. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. बघू. तू आणखी काही विचारलं नाहीस. आणि दुसरी एक गोष्ट राहिली, ती याहून मोठी. येशू तुला कसा भेटला, ते तू साऱ्या तालुक्याला सांगत फिरलास. माझ्यापुढं सुरुवात केलीस की मला दूध उतू गेल्याचं आठवायचं. किसनबाबांना ते पाठ आहे. माझ्या सख्ख्या भावाची साक्ष मला ठाऊक नाही. आता ती कोणी सांगितली तरी तुझ्या तोंडची नसेल.

काल सकाळी मायनं दोन घागरी मांडल्या. एक सगळ्यांची, एक लहान, लाल, कोरी. तिच्यात तिनं गोडं पाणी भरलं होतं. काठोकाठ. ती भरताना मी बघत होते. तांब्याने ओतत होती आणि पुन्हा पुन्हा वाकून आत बघत होती, भरली का म्हणून. पाणी काठावरून सांडलं तरी तिनं आणखी एक तांब्या ओतला.

घास टाकायला प्रल्हाद आला होता, नहाऊन, पांढरा सदरा घालून. भाऊबंद ओसरीवर बसले होते. त्यानं आजोबांचं नाव घेतलं, आपल्या बाबांचं घेतलं, काकाचं घेतलं. आपल्या दोन तान्ह्या भावांची नावंच ठेवलेली नव्हती, त्यांना "लेकरं" म्हणून घास दिला. तूप निखाऱ्यावर चरचरलं. मग त्यानं तिसऱ्या पोळीचा तुकडा मोडला आणि लहान घागरीकडे वळला.

"थांब, प्रल्हाद," मी म्हटलं. "त्याच्या नावानं घास टाकू नको."

"काऊन?"

"त्यानं नको म्हटलं होतं. तो येशूचा होता. जगला तसा, गेलाबी तसाच. त्याले पितरात बसवू नका."

ते नाव माझ्या तोंडून चारचौघांत पहिल्यांदा निघालं, आणि निघालं ते मायच्या चुलीपुढं. ओसरीवर कोणीतरी म्हणालं, "मेल्या मानसाले काय समजते?" मी म्हटलं, "त्याले नसन समजत, मले समजते." माझा आवाज कापत होता. वर्गात कधी कापत नाही.

प्रल्हादच्या हातात तुकडा तसाच होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, म्या त्याचा नंबर काढला होता. तरी त्यानं माह्या बापाले नेलं. मले एवढं त करू दे." त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर रागावणं सोपं होतं, पण राग आला नाही. मी म्हटलं, "तुले द्याचं हाये, पन त्याले नको हाये." त्यानं तुकडा परत ताटात ठेवला.

 मग माय माझ्याशी नाही, घागरीशी बोलल्यासारखी बोलली. "जित्तेपनी म्या त्याले मापानं देल्लं. तोंडावर मागे, तरी नाही देल्लं. आता कोनी डॉक्टर नाही, कोनी ओरडत नाही. एक घागर, वं. एकच." आणि माझ्याकडे वळली. "मंग त्याले पानी कोन देईन?"

तू असतास तर पटकन म्हणाला असतास, जो देणार आहे तो देईल. मला ते म्हणता येईना. तो विश्वास तुझा, माझा नाही. उसना आणून मायच्या तोंडावर कसा फेकू? मला दवाखान्यातला तू आठवलास, मुखवटा बाजूला करून खरं सांगणारा.  भाऊबंद जेवून, न जेवून उठले. तुझी घागर तशीच राहिली, काठोकाठ, वर खरबूज.

माय आत जाऊन भिंतीला टेकून बसली. मी तिच्यापुढं बसले. बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून पाळकांनी सांगितलेलं तेवढं सांगितलं. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव घेतो का विचारलं होतं, आणि तू काय म्हणालास.

"भांडून म्हने?" तिनं विचारलं.

"हाव. मायनं मरनाशी भांडून ठेवेल हाये, ते राहू द्या."

 ती उठली. घागरीवरचं खरबूज काढून खाली ठेवलं, गळ्याला गुंडाळलेला दोरा सोडवला, घागर कमरेवर घेतली, फुलपात्र हातात धरलं आणि अनवाणी बाहेर पडली. मी मागं धावले. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं.

मंगळवार होता. आखाजी असो की दिवाळी, मशीनचा वार चुकत नाही. तुझी गाडी लिंबाखाली उभी होती आणि तुझी माणसं आत बसली होती. गाडी चालवणारा मंडळीतला पोऱ्या प्रार्थना करत होता, तुझ्याइतकी मोठ्यानं नाही, पण एकेकाचं नाव घेऊन. माय गाडीच्या मागं उभी राहिली, काचेवरच्या अक्षरांपाशी. तिला वाचता येत नाही. तुझी प्रार्थना सुरू झाली की ती पाठ फिरवायची. काल आमेन होईपर्यंत थांबली.

मग दारापाशी जाऊन म्हणाली, "पानी घ्या."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक बाई हळूच म्हणाली, "माय, आमाले मापाचं हाये."

"मले माहीत हाये मापाचं."

किसनबाबा पुढं वाकले. "कोनाच्या नावानं देऊन राह्यली वं?"

मायनं घागर दुसऱ्या कमरेवर घेतली. "नाव नाही घ्याचं," म्हणाली. "त्यानं नाही म्हनेल हाये."

किसनबाबांनी हात पुढं केला. "मंग दे. सकायपासून पेलो नाही. माह्या आजच्या वाटचं बाकी हाये." मायनं फुलपात्र भरलं. तिचा हात सवयीनं अर्ध्यावर थांबला, मग तिनं ते पूर्ण भरलं. बाबांनी ते घोट घोट करून, डोळे मिटून, सगळं संपवलं. मग बाकीच्यांनी तळहात पुढं केले. एकेकाच्या हातावर एकेक घोट. प्रल्हाद कधी मागं येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. त्याला कसलं माप नव्हतं. तो रस्त्यावर उकिडवा बसला, ओंजळ धरली आणि मायनं वरून धार सोडली. तो पीत राहिला. पाणी त्याच्या कोपरांवरून पांढऱ्या सदऱ्यात उतरत होतं, तरी तो थांब म्हणाला नाही.

गाडी गेली. प्रल्हाद तोंड पुसत उठला. घागर रिकामी झाली होती. माय ती तिरपी धरून तशीच उभी राहिली, कोणीतरी अजून हात पुढं करील म्हणून.